आजोबांची बंदूक, बाबांचा परवाना, माझा अर्ज

शस्त्र परवान्याच्या अर्जात शस्त्र कशासाठी हवे आहे असे विचारणारा एक रकाना असतो आणि त्या एका रकान्यापाशी मी जवळजवळ आठवडाभर अडकून पडले होते. आजोबांच्या जुन्या पुस्तिकेत त्या जागी ‘शिकार’ असा सरळ उल्लेख होता. बाबांच्या परवान्यावर ‘स्वसंरक्षण व पीकसंरक्षण’ असे लिहिलेले होते. मी एरंडवण्यात चौथ्या मजल्यावर राहते, बाल्कनीतल्या तुळशीपलीकडे आणि कढीपत्त्यापलीकडे माझे पीक नाही, आणि माझ्या जिवावर कोणी उठले आहे असे म्हणण्याइतकी मी महत्त्वाची व्यक्तीही नाही. मग घरातली दुनळी बारा बोअर बंदूक मला कशाला हवी होती?

आजोबा मूळचे सदाशिव पेठेतले, परंतु ऐन उमेदीची वर्षे त्यांनी चांदा जिल्ह्यात आलापल्लीच्या जंगलात, एका सागवान ठेकेदाराकडे हिशेबनीस म्हणून काढली. त्या काळी वन खात्याकडून शिकारीसाठी जंगलाचे गट ठरावीक मुदतीकरिता परवान्यावर मिळत असत आणि कोणती जनावरे किती मारता येतील, हे त्या परवान्यावरच नमूद केलेले असे. आजोबांनी आपल्या शिकारींची एक वही ठेवली होती. ती आता माझ्याकडे आहे. हिशेबनिसाची वही असल्यामुळे तिच्यात रोमांच फारसा नाही. तारीख, जागा, काडतुसे किती गेली, जनावर कोणते, माप किती, एवढेच. १९५५ च्या मे महिन्यातल्या वाघाची लांबी तिथे दोनदा लिहिलेली आहे : ‘खुंट्यांमध्ये ८ फूट ११ इंच, अंगावरून ९ फूट ४ इंच’. वाघ सरळ ताणून नाकाशी आणि शेपटीच्या टोकाशी खुंट्या ठोकायच्या, जनावर बाजूला करायचे आणि त्या दोन खुंट्यांमधले अंतर मोजायचे, ही प्रामाणिक पद्धत. पाठीच्या वळणावरून फीत फिरवली की तोच वाघ काही इंचांनी वाढतो. बाबा म्हणत, की जो शिकारी माप कसे घेतले ते सांगत नाही, त्याच्या गोष्टीतून निदान अर्धा फूट वजा करावा.

त्या वेळी बाबा बारा वर्षांचे होते आणि मचाणावर आजोबांच्या शेजारी बसलेले होते. ही गोष्ट आम्ही त्यांच्याकडून इतक्या वेळा ऐकली, की तिच्यातल्या नेमक्या थांबण्याच्या जागासुद्धा आम्हाला पाठ झाल्या होत्या. आमिष म्हणून बांधलेले रेडकू वाघाने आदल्या रात्री मारले होते. दुपारी तीन वाजता दोघे मचाणावर चढले. खोकायचे नाही, डास मारायचा नाही, आणि लघवीला लागली तर ते आधी सांगायला हवे होते, अशी ताकीद होती. दिवस मावळता मावळता समोरच्या झाडीतली माकडे एकाएकी खेकसू लागली आणि मग एकदम गप्प झाली. बाबांना वाघ दिसण्याआधी आजोबांचा अंगठा रायफलीच्या खटक्यावर हलताना दिसला. एकच बार झाला, वाघ जागच्या जागी कोसळला, आणि पुढे जे घडले तेच बाबा सर्वांत रंगवून सांगत : आजोबा खाली उतरलेच नाहीत. त्यांनी खिशातले घड्याळ काढून बाबांच्या हाती दिले आणि पुरा अर्धा तास मोजायला सांगितले. पडलेल्या जनावराजवळ घाईने गेलेले किती शिकारी परत आले नाहीत, हे ते जंगलात ऐकून होते. अर्ध्या तासानंतर वरून दोन दगड टाकून पाहिले आणि मगच ते उतरले.

त्या वहीत रायफलीचा क्रमांक आहे, वाघाचे माप आहे, रेडकाची किंमतही आहे. ज्यांनी माग काढला, मचाण बांधले आणि वाघ कोणत्या वाटेने येईल ते आधी सांगितले, त्या माणसांविषयी मात्र ‘माडिया गोंड दोन, मजुरी दिली’ इतकीच नोंद आहे. आमच्या घराण्याच्या शिकारपरंपरेतले निम्मे ज्ञान त्या दोघांचे होते असे मला वाटते. पण वारसा लावायचा तर त्यांची नावेही आमच्याजवळ नाहीत. आत्याचा उल्लेखही वहीत कुठे नाही. ती बाबांपेक्षा तीन वर्षांनी मोठी. तिला मचाणावर कधी नेले नाही. तिच्या वाट्याला आले ते कातड्याला मीठ आणि तुरटी चोळणाऱ्या गड्यांसाठी चहा करणे. पुढे ते कातडे म्हैसूरला व्हॅन इंजेन यांच्या प्रसिद्ध कारखान्यात पाठवले गेले आणि जबडा उघडलेल्या मुंडक्यासह परत आले.

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि आजोबांची वही तिथेच थांबली. त्यांनी त्याविषयी कधी कुरकुर केली नाही, असे बाबा सांगत. मला ते पूर्णपणे खरे वाटत नाही, कारण वहीच्या शेवटच्या पानावर पुढच्या वर्षीच्या बेताची पेन्सिलीने केलेली टाचणे आहेत आणि ती कोणी खोडलेली नाहीत. कायद्याप्रमाणे वाघाचे कातडे आणि गव्याचे मुंडके यांची नोंद करून त्यांनी मालकीचे प्रमाणपत्र घेतले, आणि १९८४ मध्ये ते गेल्यावर बाबांनी प्रमाणपत्र व परवाना दोन्ही आपल्या नावावर करून घेतले. भोरजवळच्या शेतात रानडुकरे भात लोळवत, म्हणून पीकसंरक्षण. प्रत्यक्षात रानडुकरावरसुद्धा वन खात्याच्या परवानगीशिवाय गोळी झाडता येत नाही, त्यामुळे बाबांनी आयुष्यभरात कोणत्याही जनावरावर एकही बार टाकला नाही. आम्हा भावंडांना मात्र त्यांनी त्या शेतात चिखलातले ठसे वाचायला शिकवले : बिबट्याच्या ठशात नखे उमटत नाहीत, कुत्र्याच्या ठशात उमटतात, कडा ढासळल्या असतील तर ठसा कालचा. ताडोब्याला गेलो तेव्हा वाटाड्याच्या आधी त्यांनीच जिप्सी थांबवायला लावली होती आणि मग मागून आलेल्या अकरा जिप्सींचा गोंगाट ऐकून ते दिवसभर कोणाशी बोलले नाहीत.

बाबा फेब्रुवारी २०२३ मध्ये गेले. तेराव्यानंतर कपाट उघडले तेव्हा आत बारा बोअर दुनळी, आजोबांची .३७५ मॅग्नम रायफल आणि खडकीच्या कारखान्यातल्या काडतुसांची अर्धी पेटी होती. पूर्वी एक .२२ देखील होती. परंतु २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रे बाळगता येतील असे ठरल्यावर बाबांनी ती विक्रेत्याकडे जमा केली होती. परवानाधारक गेल्यावर घरातले शस्त्र, परवाना दुसऱ्याच्या नावावर होईपर्यंत, पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावे लागते, हे मला माहीत होते, म्हणून ते काम मी लगेच केले. विक्रेत्याने दोन्ही शस्त्रांचे क्रमांक, काडतुसांची संख्या आणि दस्त्यावरचा एक जुना तडा पावतीवर लिहून दिला. त्या तड्याची नोंद करा, असा माझाच आग्रह होता आणि पुढे तो उपयोगी पडला नाही, हे सुदैव.

आता सांगते ते इतरांच्या उपयोगी पडावे. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवानाधारकाचे वय सत्तर झाले, किंवा शस्त्र त्याच्याकडे पंचवीस वर्षे असेल, तर त्याच्या हयातीतच वारसाच्या नावे परवाना मागता येतो. बाबांच्या बाबतीत हे नियम आल्यापासूनच, म्हणजे २०१६ पासून, ते शक्य होते, कारण पंचवीस वर्षे २००९ मध्येच भरली होती. आम्हाला ठाऊक नव्हते. ते हयात असते तर त्यांची एक सही पुरली असती. ते गेल्यावर आईचे, दादाचे आणि माझे वारस म्हणून कागद, आणि माझ्या नावाला त्या दोघांची हरकत नसल्याची पत्रे लागली. दादा परदेशात असतो. त्याने संमतिपत्र नुसते सही करून स्कॅन पाठवले, ते चालले नाही. मग वकिलातीत साक्षांकित करून मूळ प्रत टपालाने यायला दोन महिने गेले. आई तेव्हा फोनवर त्याला म्हणाली, “अरे, बंदूक तुला नको आहे हे सांगायलासुद्धा तुला रांगेत उभे राहावे लागले ना?”

अर्ज ए-१ हा ऑनलाइन भरून त्याची प्रत कागदपत्रांसह द्यायची असते. पुणे शहरात परवाना देण्याचा अधिकार पोलीस आयुक्तांकडे आहे, ग्रामीण भागासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे. शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, शारीरिक व मानसिक स्वास्थ्याचा वैद्यकीय दाखला आणि शस्त्र कुलूपबंद ठेवण्याची हमी, एवढे त्याच्यासोबत लागले. प्रशिक्षणाच्या दिवशी माझ्याव्यतिरिक्त सगळे पुरुष होते आणि त्यांपैकी बहुतेकांना पिस्तूल हवे होते. प्रशिक्षकांनी बंदूक मोडून, म्हणजे बिजागरीपाशी उघडून, दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री करून दाखवायला सांगितले, तेव्हा माझा हात विचार न करता तळव्याच्या कडेने नळीखाली गेला. तो हात बाबांचा होता. महाविद्यालयात एनसीसीमध्ये .२२ चालवली होती, तो अनुभवही कामी आला. चौकशीसाठी आलेल्या हवालदारांनी शेजाऱ्यांना विचारले, कपाट पाहिले आणि शेवटी हळूच विचारले, “मॅडम, पण कशाला?”

त्या रकान्यात मी अखेर ‘कौटुंबिक वारसा व क्रीडा’ असे लिहिले होते.

कातड्याचे प्रकरण वेगळे होते आणि त्याची मुदत कमी होती. वारशाने आलेल्या वन्यजीव वस्तूची माहिती नव्वद दिवसांच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकांना किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्यांना द्यावी लागते. मी ती दिली आणि उत्तर आले ते असे, की प्रमाणपत्रात प्राप्तीचे ठिकाण ‘चांदा, मध्य प्रदेश’ असे आहे, तरी वस्तू दुसऱ्या राज्यातून आणल्याची वाहतूक परवानगी सादर करावी. मी हसले आणि मग घाबरले. चांदा जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता; वाघ १९५५ चा होता; आजोबांनी हिशेबनिसाच्या काटेकोरपणाने त्या दिवशी ते गाव ज्या राज्यात होते तेच लिहिले होते. वाघ एका जंगलातून हलला नाही आणि राज्य त्याच्यावरून सरकून गेले. मी राज्य पुनर्रचनेची माहिती, आजोबांच्या परवान्याची प्रत आणि आलापल्ली आज गडचिरोली जिल्ह्यात आहे असे सांगणारे पत्र जोडले. तीन फेऱ्यांनंतर मूळचे विदर्भातले एक अधिकारी भेटले, त्यांनी कागद एकदा वाचला आणि म्हणाले, “आमचे आजोबाही जन्माने मध्य प्रदेशचेच.” काम झाले.

नोंद झाली, पण ठेवायचे का, हा प्रश्न उरला. कातडे विकता येत नाही. ज्यांच्याकडे प्रमाणपत्र आहे त्यांना ते स्वेच्छेने सरकारजमा करता येते, अशी तरतूद २०२२ च्या दुरुस्तीने झाली आहे. आधी नोटीस द्यायची, त्यानंतर वस्तू सुपूर्द करायची. मोबदला मिळत नाही. मला वाटले होते, आई नाही म्हणेल. ती म्हणाली, “अठ्ठेचाळीस वर्षे डांबरगोळ्या मी ठेवल्या आहेत. पावसाळ्यात त्याला वास येतो तेव्हा तुमचे आजोबा पुसायला येत नाहीत.” दादाला वाईट वाटले, आत्याला मुळीच नाही. वन कर्मचारी हातमोजे घालून आले, कारण जुन्या कातड्यांना सोमल हे विष लावलेले असू शकते. त्यांनी कातडे आणि गव्याचे मुंडके उतरवून क्रमांक ताडून पाहिले आणि पंचनामा केला. कातड्यावर डाव्या खांद्यामागे गोळीचे शिवलेले भोक होते. इतकी वर्षे मी त्या वाघाखाली बसून अभ्यास केला, पण ते मला प्रथमच दिसले, कारण ते भिंतीकडच्या बाजूने शिवलेले होते.

रायफल मी विक्रेत्यामार्फत एका परवानाधारकाला दिली. तिची काडतुसे महाग आहेत आणि तिने करायचे काम या देशात आता बेकायदा आहे. बारा बोअर ठेवली. लोकसभेच्या आचारसंहितेत माझी फाइल पडून राहिली, त्यामुळे परवाना हाती यायला सप्टेंबर २०२४ उजाडला. तोवर नेमबाज स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवले होते आणि माझी पंधरा वर्षांची मुलगी बालेवाडीला दहा मीटर एअर रायफलच्या सरावाला जाऊ लागली होती. त्या एअर रायफलीला परवाना लागत नाही, हे कळल्यावर आईने देवापुढे साखर ठेवली.

बंदूक घरी आणली त्या संध्याकाळी मुलीने आणि मी ती जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरून मोडली. दीड वर्ष दुसऱ्याच्या कपाटात राहिल्यामुळे उजव्या नळीत गंजाचा एक ठिपका धरला होता. गजाला फडके गुंडाळून तेल लावून मी चार वेळा नळी पुसली आणि झाले म्हणून तेलाची बाटली बंद केली. तिने नळी ट्यूबलाइटच्या दिशेने धरली, एक डोळा मिटला आणि बराच वेळ आत पाहत राहिली.

“आई, आहे अजून,” ती म्हणाली, आणि फडक्यासाठी हात पुढे केला.