नर माशांच्या शरीरातले अंड्यांचे प्रथिन

सांडपाण्यातील संप्रेरकांचा विषय निघाला की मला कॅनडातील एक प्रयोग आठवतो. ओंटारिओच्या वायव्य भागातील २६० क्रमांकाच्या तलावात संशोधक कॅरेन किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ असे सलग तीन उन्हाळे गर्भनिरोधक गोळ्यांतील कृत्रिम इस्ट्रोजेन (स्त्री-संप्रेरक) मिसळले. प्रमाण लिटरला जेमतेम ५ ते ६ नॅनोग्रॅम. तरीही फॅटहेड मिनो या चिमुकल्या माशांच्या नरांमध्ये, एरवी माद्यांच्या शरीरात अंड्यांसाठी तयार होणारे व्हिटेलोजेनिन हे प्रथिन मोठ्या प्रमाणात आढळू लागले आणि पुढे त्यांची वस्ती जवळजवळ नामशेष झाली. (ती सावरली, पण इस्ट्रोजेन सोडणे थांबवल्यानंतर.)

मानवी शरीर संप्रेरके बरीचशी निष्क्रिय रूपात मूत्रावाटे बाहेर टाकते. गटारातील जिवाणू मात्र त्यांना पुन्हा सक्रिय करतात.

शेणाची गोष्ट याहून चकवणारी आहे. अमेरिकेत मांसासाठी पोसल्या जाणाऱ्या गुरांना वाढीसाठी ट्रेनबोलोन ॲसिटेट हे संप्रेरकासारखे काम करणारे कृत्रिम स्टिरॉइड दिले जाते. शेणातून पाण्यात उतरणारे त्याचे अवशेष सूर्यप्रकाशात विघटित होतात खरे, परंतु २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार अंधारात त्यांचा काही अंश पुन्हा मूळ संयुगात परततो. त्यामुळे केवळ दिवसा घेतलेल्या नमुन्यांवर विसंबणे मला धोक्याचे वाटते.