एथिक्स कमिटीत अडकलेलं डेझर्टेशन : माझा अनुभव

नोकरी सांभाळून जेरोंटॉलॉजीत, म्हणजे वृद्धत्वशास्त्रात, एमए करणार असाल तर प्रवेशाच्या दिवशीच एक प्रश्न विचारून ठेवा: इथली एथिक्स कमिटी, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला मंजुरी देणारी नैतिकता समिती, किती महिन्यांनी बसते? माझं प्रवेश, असाइनमेंट, फील्डवर्क, परीक्षा सगळं वेळेत झालं. सिनॉप्सिसही (डेझर्टेशनचा आराखडा) पहिल्या फेरीत पास. मग पंधरा प्रश्नांच्या एका प्रश्नावलीपायी या समितीत साडेपाच महिने गेले. राग अजून आहे, पण त्यातला निम्मा मीच भरलेल्या फॉर्मवर आहे.

विषय होता वृद्धाश्रमातल्या ज्येष्ठांचं नैराश्य आणि रोजच्या कामांतलं परावलंबन. साधनं दोनच: नैराश्यासाठी जीडीएस-१५ ही पंधरा प्रश्नांची प्रश्नावली आणि कामांसाठी बार्थेल इंडेक्स ही मोजपट्टी. ना रक्त काढायचं, ना औषध द्यायचं. म्हणून अर्जात 'एक्स्पीडाइटेड रिव्ह्यू'वर (पूर्ण बैठकीशिवाय होणारी जलद तपासणी) टिक केली आणि तिथेच फसले. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे, सहभागी असुरक्षित गटातले असतील तर धोका कितीही किरकोळ असो, प्रस्ताव पूर्ण समितीपुढेच जातो. संस्थेत राहणारे वृद्ध या गटात धरले जातात. हे एका ओळीचं उत्तर कार्यालयाकडून यायला सात आठवडे लागले, तेही मी फोन केल्यावर.

पूर्ण समिती म्हणजे कोरमला, बैठक भरायला, किमान पाच सदस्य. अध्यक्ष बाहेरचे, सदस्य-सचिव संस्थेतले, शिवाय कायद्याचा जाणकार आणि एक सामान्य नागरिक. आमच्या तारखेला चारच जण आले. चहा झाला, बैठक झाली नाही. पुढची तारीख दोन महिन्यांनी.

त्या दुसऱ्या बैठकीत जो आक्षेप आला, तो मात्र रास्त होता, आणि ज्येष्ठांच्या सेवेत असलेल्या प्रत्येकाला तो येणारच. मी जिथे काम करते तिथलेच रहिवासी नमुन्यात, म्हणजे अभ्यासासाठी निवडलेल्यांत, घेतले होते. रोज औषध देणाऱ्या, फिरायला नेणाऱ्या माणसाने सहीसाठी कागद पुढे केला तर आजी नाही कशी म्हणणार? व्यवस्थापकांचं परवानगीपत्र जोडलं होतं, पण ते आत जाण्यापुरतं. प्रत्येकाची स्वतंत्र संमती त्याने भागत नाही. यावर दोन उपाय आहेत: दुसरा वृद्धाश्रम निवडायचा, नाहीतर संमती आणि मुलाखत तुमच्याशी कामाचा संबंध नसलेल्या माणसाकडून घ्यायची. मी वृद्धाश्रम बदलला. गाइडने हे आधी सांगायला हवं होतं.

त्रुटी मात्र हप्त्याहप्त्याने कळवल्या गेल्या, याला काही अर्थ नाही. पहिल्या पत्रात, सहभागींना द्यायच्या माहितीपत्रकाच्या तळाला आवृत्ती क्रमांक आणि तारीख नाही. ते दुरुस्त केल्यावर दुसरं पत्र: प्रश्नावलीच्या मराठी अनुवादाचं उलट, म्हणजे पुन्हा इंग्रजीत केलेलं, भाषांतर जोडा. मग तिसरं: स्कोअर जास्त आला तर रहिवाशाला कुठे पाठवणार? हे तिन्ही कागद पहिल्याच फाइलमध्ये घाला. तिसऱ्यासाठी मानसोपचारतज्ज्ञाचं संमतिपत्र घ्या आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लिहा. नुसतं 'योग्य संदर्भसेवा दिली जाईल' लिहिलंत तर फाइल परत येते.

उलट भाषांतराला मी नाकं मुरडली होती, पण चूक त्यातूनच सापडली. जीडीएसमधल्या 'एम्प्टी'चं मी 'आयुष्य रिकामं वाटतं का?' केलं होतं. मराठीत रिकामा म्हणजे हाताला काम नसलेलाही. प्रश्नावलीच्या पूर्वचाचणीत एक आजोबा म्हणाले, "रिकामाच आहे, बोला." तिथे 'आयुष्यात काही अर्थ उरला नाही असं वाटतं का?' असं विचारावं लागतं. नववा प्रश्न त्याहून फसवा: बाहेर जाण्यापेक्षा घरी राहणं पसंत करता का? वृद्धाश्रमात 'घर' म्हणजे मुलाचं घर किंवा गावाकडचं. माणूस हो म्हणतो आणि आपण नैराश्याचा एक गुण देऊन मोकळे होतो. पाचाच्या वर स्कोअर गेला की नैराश्याची शंका घ्यायची, त्यामुळे एकेक गुण महत्त्वाचा. मी 'खोलीतच बसून राहावंसं वाटतं का' असं केलं, हा बदल समितीला कळवला आणि प्रबंधात नोंदवला. ही पूर्वचाचणी ज्यांच्यावर घ्याल त्यांना नमुन्यात धरू नका. आणि तीसुद्धा अर्जात नमूद करा. मंजुरीआधी गोळा केलेल्या माहितीला नंतर मंजुरी मिळत नाही.

राहून गेलं: साधन निवडतानाच त्याचा हक्क कोणाकडे आहे ते पाहा. जीडीएस मोफत वापरता येतं, एमएमएसई या स्मरण-आकलनाच्या चाचणीला परवानगी आणि पैसे दोन्ही लागतात. आणि तुम्ही नर्स, फिजिओथेरपिस्ट किंवा समाजकार्यवाले असाल तर इग्नूच्या जेरियाट्रिक मेडिसिन पदविकेच्या मागे लागू नका, ती एमबीबीएस डॉक्टरांसाठी आहे.

संमतीपत्रक १६ पॉइंटमध्ये छापा. अंगठा घेणार असाल तर निःपक्षपाती, लिहिता-वाचता येणारा साक्षीदार माहिती वाचून दाखवल्यापासून शेवटपर्यंत हजर हवा. नंतर त्याची सही गोळा करणं चालत नाही. साक्षीदार वृद्धाश्रमाचा कर्मचारी नको. मी जवळच्या ज्येष्ठ नागरिक संघातल्या एका निवृत्त शिक्षकांना विनंती केली. डिमेन्शिया असलेल्यांच्या बाबतीत कायदेशीर अधिकार असलेल्या नातेवाइकाची संमती लागते, तरीही त्या व्यक्तीने मान फिरवली तर तिथेच थांबायचं. एमएच्या वेळापत्रकात हे बसत नाही, म्हणून मी तो गट वगळला आणि प्रबंधाच्या मर्यादांमध्ये तसं लिहिलं.

मुलाखतीला दुपारच्या चहानंतरची वेळ बरी. जेवणानंतर डोळा लागलेला असतो, सकाळी आंघोळीची घाई. कानाचं यंत्र चालू आहे ना ते आधी बघा, नाहीतर न ऐकताच प्रत्येक प्रश्नाला 'हो' येतं.

मंजुरीपत्रावरची मुदतही वाचा. माझ्या पत्रावर एक वर्ष होतं, ते पत्राच्या तारखेपासून. पत्र हातात पडेपर्यंत त्यातले एकोणीस दिवस गेले होते. काम संपलं की समितीला समाप्ती अहवाल द्यायचा आणि त्याची पोच घ्यायची. त्या पोचेवर शिक्का मिळायला आणखी नऊ दिवस लागले.