हॅलो, माइक टेस्टिंग

दुपारी जेवण जरा जड झालं आणि डोळा लागतोय असं वाटलं, की नेमका तेव्हाच आमच्या गल्लीत भंगारवाला येतो. पूर्वी तो स्वतः ओरडायचा. आता हातगाडीच्या दांडीला छोटा भोंगा बांधलेला असतो आणि त्यातून कुणीतरी खणखणीत आवाजात जुनं लोखंड, रद्दी, बंद पडलेला कूलर मागत असतो. परवा खिडकीतून पाहिलं, तर गाडी ढकलणारा पोरगा तोंड मिटून घाम पुसत चालला होता. आवाज त्याचा नव्हताच. हाच आवाज मी कोथरूडात ऐकलाय आणि हडपसरातही. कधीतरी कुणी एकानं तो पेनड्राइव्हवर भरून दिला असणार. तो बुवा आता कुठे असतो, या धंद्यातलं त्याला काही मिळतं का, कोण जाणे.

झोप गेली ती गेलीच.

गावच्या जत्रेतला माइक आठवला. मंडपवाला आहुजाचा ॲम्प्लिफायर देवळाच्या ओट्यावर मांडायचा, लिंबावर कर्णा चढवायचा. त्याचा पोरगा माइकवर दोन टिचक्या मारायचा, फूऽऽ करून फुंकायचा आणि मग ते अमर वाक्य: ‘हॅलो, माइक टेस्टिंग, वन टू थ्री.’ कर्ण्यातून कुईऽऽ निघायची, कुत्री भुंकायला लागायची, आणि जत्रा सुरू झाली असं आम्ही समजायचो. माइकला रबरबँडनं रुमाल बांधलेला असायचा, त्याला तंबाखूचा वास यायचा. (टिचक्या मारणाऱ्यांचा मला आजही राग येतो. ‘आवाज येतोय का’ असं विचारलं तर लोक सांगतात की!)

सगळ्यात रंगायचा तो देणग्यांचा पुकारा. अमुक अमुक यांजकडून देवीस एकावन्न रुपये, मंडळ आभारी आहे. आजी अंडी विकून पैसे साठवायची आणि दर जत्रेला स्वतः ओट्यापाशी जाऊन द्यायची. पुकारा व्हायचा आजोबांच्या नावाचा. आजोबा वारले, तरी त्यांच्याच नावाचा, फक्त आधी ‘कैलासवासी’ लागलं. आजी त्यावर काही बोलली नाही. पैसे देत राहिली.

आवाजाचं राजकारण म्हटलं की आपण लगेच डेसिबलवर येतो. 2000 सालचे नियम आहेत: राहत्या वस्तीत दिवसा 55, रात्री 45, आणि रात्री दहा ते सकाळी सहा भोंगे बंद. मग सणावारांची सवलत, मग भोंगा कुणाचा आणि कुणी उतरवायचा यावरून हाणामारी. माझं म्हणणं इतकंच, की ते मीटर फक्त चढलेला आवाज मोजतं. आजीचं नाव त्या मीटरवर कधी उमटलं नसतं.

मुंबईच्या कलाकार शिल्पा गुप्ता यांचं एक काम कोचीच्या बिनालेत, म्हणजे तिथल्या मोठ्या कलाप्रदर्शनात, पाहिलं होतं, 2018च्या. पाहिलं म्हणजे ऐकलं. ‘फॉर, इन युवर टंग, आय कॅनॉट फिट’ असं त्याचं नाव, म्हणजे ‘कारण तुझ्या भाषेत मी मावत नाही’. मंद उजेडात 100 माइक वरून लोंबकळत होते. प्रत्येकाखाली लोखंडाची सळई, सळईच्या टोकाला खुपसलेला कागद, कागदावर कवितेच्या ओळी. सातव्या शतकापासून आजपर्यंत लिहिण्यापायी किंवा मतांपायी तुरुंगात गेलेल्या 100 कवींच्या. गंमत अशी, की माइक उलटे जोडलेले. साध्या माइकच्या आणि स्पीकरच्या पोटात एकच सामान असतं, पडदा, कॉइल, चुंबक. उलटं जोडलं की माइक बोलायला लागतो. एक माइक ओळ म्हणायचा आणि कीर्तनात टाळकरी धरतात तशी बाकीचे ती उचलून धरायचे. अरबी, अझरबैजानी, रशियन, मधूनच हिंदी. माझ्या शेजारचा गृहस्थ सगळा वेळ मोबाइलवर फोटो काढत होता. आवाजाचा फोटो!

नावामागची ओळ नसीमीची. दोन्ही जगं माझ्यात मावतात, पण या जगात मी मावत नाही, असं म्हणणारा हा कवी. साधारण 1417 साली अलेप्पोत त्याला मारलं. जिवंतपणी कातडी सोलली, असं सांगतात.

अलेप्पो म्हणजे सीरिया. तिथेच, दमास्कसच्या उत्तरेला, सैदनायाचा तुरुंग. कैद्यांना अंधारात ठेवायचे, कुठे न्यायचं तर डोळे बांधून. बोलायची बंदी. त्यामुळे सुटून आलेल्यांपाशी तुरुंगाच्या आठवणी होत्या त्या बहुतेक कानाच्या: पावलं, कुलपं, शेजारच्या कोठडीतला मार. 2016 साली लॉरेन्स अबू हमदान हा कलाकार ॲम्नेस्टी ही मानवी हक्कांची संघटना आणि फोरेन्सिक आर्किटेक्चर हा संशोधकांचा गट यांनी चालवलेल्या या तुरुंगाच्या तपासात होता, तेव्हा तो अशा काही जणांना भेटला. त्यानं विचारलं, किती हळू बोललं तर पहारेकऱ्याला ऐकू जात नसे? ती पातळी दाखवा. 2011च्या आधी आत असलेल्यांची कुजबुज आणि नंतरच्यांची कुजबुज यांत 19 डेसिबलचा फरक निघाला. म्हणजे कानाला जवळजवळ चौपट हळू. 2011 साली बाहेर निदर्शनं सुरू झाली होती आणि आत बोलण्याची शिक्षा मरणापर्यंत गेली होती. त्या हरवलेल्या 19 डेसिबलवर त्यानं पुढे कलाकृती केली.

हे सगळं मी मेहुण्याला सांगितलं. तो वकील. म्हणाला, ‘ही कला कसली, हा तर पंचनामा झाला.’

असेल. पण तेव्हा पंच म्हणून बाहेरचं कुणी त्या तुरुंगात जाऊच शकत नव्हतं.