कुंझुम अपडेट: ढग हटले आणि मार्गच उलटा झाला

मंडळी, आपल्या स्पितीच्या बाइक-सफरीतली कुंझुम, म्हणजे हिमाचलात लाहौलमधून स्पितीत नेणारी खिंड, बर्फातून सुटली का, ते उपग्रहाच्या चित्रांवरून बघत होतो. अखेर खिंडीआधीच्या चंद्रा खोऱ्याने तोंड दाखवलं! सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाची ताजी फ्रेम उघडली तर मनालीकडच्या ग्रांफूपासून स्पितीकडच्या लोसरपर्यंत सगळं स्वच्छ. इतके दिवस दर पाच दिवसांनी ही चित्रं दाखवणारा कोपर्निकस ब्राउझर उघडायचा, ढगांच्या पिंजलेल्या कापसाकडे बघायचं आणि गुपचूप बंद करायचा, एवढाच उद्योग चालला होता. गटावर 'बर्फाचं काय झालं?' असं रोज विचारणाऱ्यांसाठी आता उत्तर आहे. सरळ नाही, म्हणून जरा लांबण लागेल.

आधी चांगली बातमी. कुंझुमच्या लोसरकडच्या बाजूला रस्त्याची काळी रेघ जवळजवळ सलग दिसते. वरच्या वळणांवर दोन्ही बाजूंना पांढरं आहे, पण मधली रेघ तुटलेली नाही. साडेचार हजार मीटरच्या वर जूनच्या तोंडाला एवढं दिसलं, मी त्यातच खूश. चंद्रतालचा फाटा मात्र तळ्याकडच्या टोकाला अजून पांढराफेक आहे. तो बेतातून तात्पुरता बाहेर. हट्ट नको.

आता मुख्य डोकेदुखी, ग्रांफू आणि कुंझुमच्या मधला छत्रू ते बातल हा टप्पा. खऱ्या रंगांच्या चित्रात ढग, बर्फ आणि चंद्रेच्या पात्रातले फिकट गोटे, सगळं सारखंच पांढरं दिसतं. मागच्या वेळी इथल्याच एका दादांनी बी११ (डोळ्यांना न दिसणाऱ्या शॉर्टवेव्ह इन्फ्रारेड प्रकाशाचा) पट्टा वापरायला सुचवलं होतं, त्यांना दंडवत. बर्फ १.६ मायक्रॉनच्या आसपासचा प्रकाश शोषून घेतं, त्यामुळे त्या पट्ट्यात ते काळं पडतं. पाण्याच्या थेंबांचे ढग मात्र उजळ राहतात. म्हणजे एनडीएसआय हा बर्फ ओळखायचा निर्देशांक काढायचा: बी३ (हिरवा पट्टा) वजा बी११, भागिले त्यांची बेरीज. ०.४ च्या वर गेलं की बर्फ. कागदावर फारच सोपं.

प्रत्यक्षात नकाशा रंगवला आणि अख्खी चंद्रा नदी बर्फ म्हणून उजळली! रस्ता जिथे नदीला खेटून जातो तिथे काय रस्त्यावर आहे आणि काय पात्रात आहे, काही कळेना. कारण साधं आहे. पाणीही बी११ मध्ये काळंच असतं, त्यामुळे त्याचा एनडीएसआयसुद्धा वर जातो. नासाच्या मोडिस या उपग्रह-कॅमेऱ्यावाल्यांनी यावर फार पूर्वीच तोड काढून ठेवली आहे: निअर इन्फ्रारेडमध्ये परावर्तन ०.११ पेक्षा कमी असेल तर बर्फ म्हणायचं नाही. बी८ (निअर इन्फ्रारेड पट्टा) ची ही एक अट स्क्रिप्टमध्ये घातली आणि नदी पुसली गेली. उरले फक्त तीन डाग, तिन्ही थेट रस्त्याच्या रेघेवर. त्या क्षणी रात्रीचे दोन वाजले होते आणि घरात टाळ्या वाजवायला कुणी जागं नव्हतं.

तिन्ही डाग घळींच्या तोंडाशी आहेत, पंख्यासारखे खाली पसरलेले. म्हणजे हे पडलेलं बर्फ नाही, वरून घसरून आलेल्या हिमप्रपाताचे ढिगारे. मागच्या वर्षांच्या याच दिवसांतल्या फ्रेम काढल्या, तर ढिगारे त्याच जागी. थोडे लहानमोठे, एवढाच फरक. असं घट्ट दाबलेलं बर्फ उशिरापर्यंत टिकतं. बीआरओ, म्हणजे सीमेकडचे रस्ते सांभाळणारी सरकारी संस्था, ते कापून मधून वाट काढते आणि दोन्ही बाजूंना भिंती उभ्या राहतात.

आणि इथेच उपग्रह हात टेकतो. कापलेली वाट असते एका गाडीपुरती. बी३ चा ठिपका १० मीटरचा, बी११ चा २०. वाट कापली असो वा नसो, ठिपका बर्फाचाच दिसणार. ढगांतून आरपार बघतो म्हणून सेंटिनेल-१ च्या रडारचाही नाद करून पाहिला. ओलं बर्फ त्यात गडद दिसतं खरं, पण एवढ्या उभ्या खोऱ्यात डोंगरमाथे दरीवर आडवे झाल्यासारखे दिसतात आणि रस्ता कुठल्या कुठे सरकतो. सपाट मुलखासाठी झकास, आपल्यासाठी निरुपयोगी. मोडिस रोज मिळतं, पण त्याचा ठिपका ५०० मीटरचा. त्यात छत्रू, नदी आणि समोरचा डोंगर एकाच घरात राहतात.

शेवटी फोन केला. लोसरच्या होमस्टेवाल्या भैयांना नुसतं 'रोड खुला है क्या' विचारलं की 'हां जी, खुला है' येतं; त्यावर गाड्या घेऊन निघायचं नसतं. या वेळी नेमकं विचारलं: मनालीकडून शेवटची गाडी कधी आली, कुठली होती, किती वाजता पोचली, कुणी बाइकवर आलं का? कळलं ते असं: जेसीबीने वाट काढली आहे, पिकअप येतात, भिंतींचं पाणी दिवसभर रस्त्यावर वाहतं आणि बाइकवाले अजून कुणी आलेले नाहीत. लाहौल-स्पिती पोलिसांच्या रस्त्यांच्या यादीतही त्या दिवशी फक्त फोर बाय फोरलाच परवानगी होती. दोन्हीकडून एकच चित्र आलं, म्हणून विश्वास ठेवतो.

म्हणजे प्रश्न आता बर्फ आहे का हा नाही, कुठल्या वेळी कुठे असायचं हा आहे. भिंतींचं पाणी दिवसा वाहतं, रात्री गोठतं. निरभ्र रात्री जमीन हवेपेक्षा जास्त गार होते, त्यामुळे अंदाजात दोन अंश दिसले तरी रस्त्यावर काच, म्हणजे गोठलेल्या पाण्याचा गुळगुळीत थर, होऊ शकते. गंमत बघा, ज्या दिवशी उपग्रह सुंदर चित्र देतो, त्याच्या मागच्या-पुढच्या रात्री सगळ्यात धोक्याच्या. खाली स्पितीतल्या काझ्याचं तापमान बघून कुंझुमचा हिशेब करणाऱ्यांनी हजार मीटरला साधारण साडेसहा अंश वजा करायला विसरू नये. बर्फ टाळायचं तर उशिरा निघा. पण छत्रू-बातलचे रस्त्यावरून वाहणारे नाले वितळत्या बर्फाने दुपारी फुगतात, ते टाळायचे तर पहाटे निघा. दोन्ही एकदम कसं जमणार?

आपला बेत मनालीकडच्या सिस्सूहून सकाळी निघून ग्रांफू, छत्रू, बातल, कुंझुम असा होता. ग्रांफू ते छत्रू रस्ता नदीच्या दक्षिण काठाने जातो, उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारावर. तिथे बर्फ उशिरापर्यंत टिकतं, ऊन चांगलं वर आल्याशिवाय रस्ता सुटत नाही. छत्रूला पूल ओलांडून उत्तर काठाला गेलं की ऊनच ऊन, पण नालेही तिकडेच. म्हणजे सिस्सूहून निघालं की काचेवर सकाळी आणि नाल्यात दुपारी. दोन्हीकडे चुकीची वेळ.

हे लिहिता लिहिताच सुचलं: उलटं गेलो तर? शिमला, रेकाँग पिओ, नाको, ताबो, काझा. मग एका दुपारी कुंझुम उतरून बातलला चाचा-चाचींच्या ढाब्यावर मुक्काम. सकाळी उजाडल्यावर निघायचं, नाले तेव्हा सगळ्यात उथळ. ढिगाऱ्यांच्या कापांत पहिल्या तासाला काच असेलच. तिथे उतरून, पहिल्या गिअरमध्ये, दोघांनी एक गाडी धरून. दहाच्या पुढे छत्रूचा पूल, आणि सावलीचा उतार ऊन वर आल्यावर. शिवाय उंचीची सवय आपोआप होते. मनालीच्या २,००० मीटरवरून एका दमात बातलला झोपायला जाणं मला पहिल्यापासून पटत नव्हतंच.

तोटाही आहे. काझ्यात पोचल्यावर कुंझुमवर नवं बर्फ पडलं, तर त्याच किन्नौरच्या रस्त्याने शिमल्यापर्यंत सव्वाचारशे किलोमीटर परत, तेही दरडींच्या भरवशावर. म्हणून काझ्यात दोन राखीव दिवस हवेत. सुट्टीचं ज्यांचं त्यांनी घरी आणि ऑफिसात बघावं.

गाडीचं थोडक्यात. माझ्या एक्सपल्स बाइकला मागच्या स्प्रॉकेटचे (चेनच्या चक्राचे) दोन दात वाढवले, नाना पेठेत एका दुपारचं काम. नॉबी (जाड खुंट्यांचे) टायर काचेवर कुणालाच वाचवत नाहीत, त्यामुळे त्यावरचा वाद इथे पुन्हा नको. टायरची हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवायची तर सोबत पंप आणि दोन ट्यूब हव्यातच. महागडे वॉटरप्रूफ बूट घेऊ नका. नाल्याचं पाणी वरून आत शिरतं आणि मग बाहेर पडत नाही. नाल्यापुरते बाजारातले साधे रबरी गमबूट बरे, माझं ठाम मत. गाड्या पाठवायला गेल्या वेळचा ट्रान्सपोर्टवाला नको. क्लच लिव्हर वाकवून दिला आणि वर हुज्जत घातली. या वेळी झेलम एक्स्प्रेसने रेल्वे पार्सल, अंबाल्याला उतरवायचं. टाकी पूर्ण रिकामी करून आणा, नाहीतर पार्सलवाले परत पाठवतात.

स्क्रिप्ट गटावर टाकतो. पुढची फ्रेम पाच दिवसांनी, ती पाहून मग तारीख पक्की. तोवर कुणाकडे बातल ते छत्रूचा जूनमधला जीपीएक्स (जीपीएसने नोंदवलेल्या प्रवासाची फाइल) वेळेच्या नोंदींसकट असेल तर पाठवा. नाल्यांवर कोण किती वेळ थांबलं ते त्यातून काढता येईल, आणि निघायची वेळ सहा की सात ते तेव्हाच ठरवू.