बारा वर्षं राव!

आज मीटिंगमध्ये स्टोअरच्या पोराने भारी आयडिया दिली, रॅकला रंगीत पट्ट्या लावू म्हणजे पार्ट शोधण्यात वेळ जाणार नाही, तर साहेब म्हणाले "बघू नंतर", म्हणजे संपलंच की. डेस्कवर आलो तर मॉनिटरला पोस्ट-इटची चिठ्ठी चिकटवलेली, आणि आठवलं, थ्रीएम कंपनीत स्पेन्सर सिल्व्हरने १९६८ ला हा धड न चिकटणारा गोंद बनवला तेव्हा त्याचं करायचं काय तेच कुणाला कळेना, मग १९७४ ला तिथल्याच आर्ट फ्रायच्या चर्चमधल्या गाण्याच्या पुस्तकातून खुणेचे कागद पडायचे म्हणून त्याला तो गोंद आठवला, आणि या चिठ्ठ्यांची अमेरिकाभर विक्री थेट १९८० ला, म्हणजे बारा वर्षांनी! आमच्याकडे बारा मिनिटं पण नाही मिळाली. संध्याकाळी टपरीवर पोराला म्हटलं, एका रॅकला लाव गपचूप. उद्या पट्ट्या आणतोय, पैसे अर्थात माझेच 😄