शब्दांशिवाय गाणं ऐकायचं कसं

सध्या माझ्या फोनवर एकच अल्बम फिरतोय, पियानोवादक मरे पेराहियाचा 'साँग्ज विदाऊट वर्ड्स', १९९९ चा. परभणीत बसून पियानो ऐकतो म्हटलं की लोकांना वाटतं हा शायनिंग मारतोय, पण खरं सांगू का, मला ही गोडी लागली ती आमच्या काकांच्या पेटीमुळं. काका भजनी मंडळात पेटी वाजवतात, आणि भजन संपून मंडळी चहाला उठली की एकटेच एखादं नाट्यपद धरतात. गाणारं कुणी नसतं, तरी बसलेल्यांचे ओठ हलत असतात, कारण पद सगळ्यांना पाठ. म्हणजे शब्द पेटीत नसतात, ऐकणाऱ्याच्या डोक्यात असतात.

पियानोवादक-संगीतकार लिस्टनं नेमकं हेच केलं होतं. संगीतकार शूबर्ट १८२८ मध्ये गेला, वय फक्त ३१, आणि तेवढ्यात ६०० च्या वर गाणी लिहून ठेवली. त्यातली पन्नासपेक्षा जास्त लिस्टनं एकट्या पियानोसाठी बसवली, गायक काढून टाकला. पण त्यानं सुरांच्या वर गाण्याचे शब्द छापायला लावले, वाजवणाऱ्याला कळावं की बाबा तू आत्ता काय म्हणतोयस.

काकांना ह्यातलंच एक, अल्बममधलं 'श्टेण्डशेन' ऐकवलं तर पहिला प्रश्न, "आवाज लगेच मरतोय की रे, भाता नाही का ह्याला?" नाहीच ना! तारेवर हातोडी पडली की त्या क्षणापासून सूर विझायला लागतो, पेटीसारखा धरून ठेवता येत नाही, मींड तर दोन्हीकडं नाही. मग गायचं कसं? तर आधीचा सूर जितका उरलाय त्याच्या अंदाजानं पुढचा सूर ठेवायचा, जास्त जोरात पडला की ओळ तुटली. पेराहियाचा हात ह्यात लई सफाईचा आहे. आणि पुढं लिस्टनं तीच चाल वरच्या पट्टीत पडसादासारखी टाकलीय, बुवांनी चरण म्हणावा अन् मागच्यांनी तो संपायच्या आत उचलावा तसं, तिथं काकांनी मान हलवली.

शूबर्टचंच दुसरं गाणं, 'एर्लक्योनिग', मात्र मला पहिल्यांदा नुसती धावपळ वाटली होती, बोटांची कसरत. मग गोष्ट वाचली. कविता जर्मन कवी गटेची, शूबर्टनं १८१५ मध्ये अठराव्या वर्षी चाल लावली. बाप पोराला कवेत घेऊन रात्री घोडा पळवतोय, पोराला भुतांचा राजा दिसतो, बापाला दिसत नाही. एकच गायक चार जणांचं बोलतो: सांगणारा, बाप, पोरगं आणि तो राजा. पियानोवर तर गायकसुद्धा नाही, तिथं बाप खालच्या सुरात, राजा एकदम गोड अन् हळू, आणि पोरगं दर वेळी आधीपेक्षा वरच्या सुरात किंचाळतं, खाली टापा चालूच. शेवटी टापा थांबतात, एक ओळ, दोन ठोके, पोरगं गेलेलं असतं. हे माहीत झाल्यावर परत ऐकलं आणि मला रात्री हेडफोन काढून ठेवावा लागला.

संगीतकार मेंडेल्सॉनचं म्हणणं बरोबर उलटं. अल्बमचं नाव त्याच्याच पियानोच्या तुकड्यांवरून आलंय, आणि ह्या तुकड्यांचा अर्थ काय असं विचारणाऱ्याला त्यानं १८४२ मध्ये पत्रातून कळवलं की शब्दच मोघम असतात, संगीत त्यापेक्षा नेमकं बोलतं. ऐकायला भारी वाटतं, पण 'एर्लक्योनिग'पुरता मी लिस्टच्या बाजूनं.

मग चित्रांचं काय? रशियन संगीतकार मुसोर्गस्कीचा चित्रकार-आर्किटेक्ट मित्र हार्टमान १८७३ मध्ये गेला, पुढच्या वर्षी त्याच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं, त्यावरून मुसोर्गस्कीनं पियानोसाठी 'पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन' लिहिलं. त्यातली बरीच चित्रं आता सापडतसुद्धा नाहीत, संगीत राहिलं. ह्याचं माझ्याकडं पियानोवादक रिश्टरचं रेकॉर्डिंग आहे, १९५८, बल्गेरियातल्या सोफियातला लाइव्ह कार्यक्रम, फेब्रुवारीची थंडी आणि हॉलभर लोक खोकतायत. त्यातलं 'बिद्लो' काकांना नाव न सांगता लावलं. म्हणाले, "मालगाडी हाय का?" म्हटलं बैलगाडी, पोलंडची. "मग घुंगरमाळ कुठाय?"

आता मेंडेल्सॉनला काय सांगायचं! पण जड चाकं तर त्यांना बरोबर ऐकू आली होती. मुसोर्गस्कीनं ही गाडी पहिल्या ठोक्यापासून दणदणीत लिहिलीय, डाव्या हातात खाली जाड जाड सूर, मग हळूहळू लांब जात बारीक होते. तो गेल्यावर त्याचा संगीतकार मित्र रिमस्की-कोर्साकोवनं छापताना सुरुवात हळू करून टाकली, गाडी लांबून येतेय अशी, आणि फ्रेंच संगीतकार राव्हेलनं १९२२ मध्ये ऑर्केस्ट्रासाठी केलं तेही त्यावरूनच. मला ते पटत नाही. आमच्याकडं पांदणीत कडब्यानं भरलेली गाडी समोर आली की लांबून-बिंबून काही नसतं, आख करकरतोय, धाव दगडावर घासतेय, तुम्ही बाभळीत अंग चोरून उभे आणि ती निघून जाईपर्यंत दुसरं काही ऐकू येत नाही. रिश्टर मूळ बरहुकूम सुरुवातीपासूनच दणक्यात वाजवतो, म्हणून ऐकणार असाल तर तेच ऐका, खोकल्यासकट.