पाक बघायची सवय

बुधवार, २६ नोव्हेंबर. रात्रीचे सव्वादहा.

ओट्यावर दोन वाडगे आहेत. एकात उद्या शेजारच्या आजींकडे न्यायचा क्रॅनबेरी सॉस, दुसऱ्यात माझी फजिती.

आजींनी या वर्षी थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणाचं बोलावणं करताना 'काही आणू नका' म्हटलं नाही. 'क्रॅनबेरी तुझ्याकडे' असं सरळ सांगून टाकलं. मॅसॅच्युसेट्सात येऊन सहा वर्षं झाली, असं पहिल्यांदाच झालं. आता आपण पाहुणे राहिलो नाही, असं मी कौतुकाने नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, सगळ्यात सोपं काम तुला दिलंय.

सोपं आहेच. कृती पिशवीवरच छापलेली असते. एक कप पाणी, एक कप साखर, उकळी आली की पिशवीभर, म्हणजे ३४० ग्रॅम, क्रॅनबेरी. दहा मिनिटं मंद आचेवर. झालं. इतक्या लहान कृतीत चुकायला जागा कुठे असते? मी शोधून काढली.

एक क्रॅनबेरी सुरीने मधोमध कापून बघितली. वरून लालभडक, आत पांढुरकी आणि चक्क पोकळ. चार कप्पे, त्यांत बारीक बिया, बाकी हवा. या हवेमुळेच ती पाण्यावर तरंगते. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात आम्ही इथल्या कार्व्हर गावाकडे क्रॅनबेरीची काढणी बघायला गेलो होतो, तेव्हा मी समजत होते की हे फळ पाण्यातच पिकतं. नाही! जमिनीलगत पसरणारे वेल असतात, वाळू आणि कुजलेल्या शेवाळाच्या जमिनीत. काढणीच्या वेळी वाफ्यात पाणी सोडतात, यंत्राने फळं झडवतात, आणि मग अख्खं शेत लाल तरंगतं. माणसं कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून ते लाल एका कोपऱ्याकडे ओढत नेतात. ती फळं मात्र रसाला आणि डब्यांना जातात. माझ्या पिशवीतली कोरड्या शेतातून काढलेली, त्या पाण्याशी त्यांचा संबंध नाही.

कच्ची एक खाल्ली. आंबट तर आहेच, पण जिभेला मागून जो तुरटपणा बसतो तो कच्च्या आवळ्याची आठवण करून देणारा. साखर एवढी का, ते कळलं.

तर पाक. साखर विरघळली, फळं टाकली. दोन-तीन मिनिटं काही नाही, मग एक फुटली. टप्. मोहरीसारखी तडतड नव्हे, ओला, जाडसर आवाज. मग दुसरी, मग सगळीकडून टपाटप, आणि पातेल्याच्या कडेला गुलाबी फेस. लेक स्टुलावर चढून मोजत होती, एकोणतीसला हरली.

दहा मिनिटं झाली. बघते तर पातळ, आमटीसारखं. पिशवी म्हणते गॅस बंद करा. मी म्हटलं, असा कसा बंद करा? पाक कुठे झालाय? बशीत थेंब टाकला, दोन बोटांत धरून ताणला. तार येईना. साखरांब्याला आई असाच बघायची, तार येईस्तोवर पातेलं सोडायची नाही. मीही नाही सोडलं. अजून दहा मिनिटं, मग अजून दहा. रंग उतरून काळपट झाला, घरभर करपट गोड वास. शेवटी तार आली, मी समाधानाने गॅस बंद केला.

तासाभराने चमचा घातला तर तो उभाच राहिला. काढायला गेले तर वाडगाही सोबत उचलला गेला.

या फळात पेक्टिन, म्हणजे जॅमला घट्टपणा आणणारा पदार्थ, भरपूर. ते गरम असेपर्यंत गप्प बसतं आणि गार होताना घट्ट धरतं. आपण बघतो ती तार साखरेची. मी साखरेला विचारत बसले आणि उत्तर पेक्टिनने दिलं.

साडेआठला आईचा फोन. तिकडे सकाळचे सात, चहा चालला होता. 'करवंदासारखंच ना गं ते?' म्हटलं, दिसायला थोडंफार. 'चीक निघतो का?' नाही. 'मग कसलं करवंद!' विषय संपला. माझ्या वाडग्याबद्दल मात्र म्हणाली, टाकू नकोस, थोडं गरम पाणी घालून सैल कर, पोळीला लावून संपेल.

फ्रीजरमध्ये दुसरी पिशवी होती. या वेळी टायमर लावला. दहा मिनिटांनी पुन्हा तेच पातळ पाणी. हात शिवशिवत होते, पण गॅस बंद केला आणि स्वयंपाकघरातून बाहेर जाऊन बसले. वर फक्त संत्र्याची साल किसून घातली. दालचिनी, लवंग, तिखट यांतलं काही नाही. आता तो छान बसलाय, रंग कुंकवासारखा.

गंमत म्हणजे आजींना डब्यातलाच आवडतो. डबा उलटा केला की लाल दंडगोल सर्रकन ताटलीत येतो, अंगावर डब्याच्या कड्यांचे वळ तसेच, आणि त्या सुरीने त्याच्या चकत्या करतात. १९१२ साली इथल्याच हॅन्सन गावात मार्कस युरॅन नावाच्या वकिलाने सॉस डब्यात भरायला सुरुवात केली, तेव्हा डबाही इथल्या लोकांना घरचाच. १९५९ ची गोष्टही आजींनीच सांगितली. थँक्सगिव्हिंगला सतरा दिवस उरले असताना सरकारने जाहीर केलं की काही क्रॅनबेरींवर तणनाशकाचा अंश सापडलाय. त्या नऊ वर्षांच्या होत्या. घरात आणून ठेवलेले डबे आईने उचलले, टेबलावर सफरचंदाचा सॉस आला आणि वडील जेवणभर कुणाशी बोलले नाहीत.

तेव्हा उद्या माझ्या वाडग्याशेजारी त्यांचा डबा असणारच. मला चालेल.

नवरा आत्ता येऊन फजितीचा वाडगा खरवडून गेला. म्हणाला, थालीपिठाबरोबर बरा लागेल. भाजणी संपलीये हे त्याला अजून सांगितलेलं नाही.